कुठल्या भाषेतला हाय

चाकणच्या आमच्या कंपनीत मला ‘जपानी मॅडम’ म्हणतात. तशी मी थेरगावची. डांगे चौकात भाजीवाल्याशी माझं वाजलं की आई चार पावलं पुढे निघून जाते, ही कोणाची मुलगी ते मला ठाऊक नाही असा चेहरा करून. पुण्याला जाऊन-येऊन जपानी शिकले, परीक्षा दिल्या आणि इथे दुभाषी म्हणून लागले. लोकांना वाटतं, सोपं काम आहे. एकाने बोलायचं, आपण दुसऱ्याला सांगायचं. पण जपानी साहेब ‘जरा विचार करू’ म्हणाले की त्याचा अर्थ ‘नाही’ असतो, आणि आपला मॅनेजर ‘उद्या नक्की’ म्हणाला की त्याचाही अर्थ ‘नाही’च असतो. हे दोन ‘नाही’ एकमेकांना न दुखवता पोचवायचे, यातच माझी उमेदीची वर्षं गेली.

मग वरून हुकूम आला की शॉपवर, मशीनजवळ, एकच भाषा चालेल. इंग्रजी. आमच्याकडे मराठी, हिंदी, ओडिया, भोजपुरी आणि वर जपानी, अशी पंचमेळ खिचडी. एकाचं दुसऱ्याला कळत नाही ही गोष्ट खरीच होती. पण जपान्यांचं इंग्रजी बेताचं, ओडिशाच्या पोरांचं त्याहून बेताचं, आणि खेड-चाकणच्या जुन्या माणसांना ते येतच नव्हतं. जी भाषा कोणाचीच नाही ती सगळ्यांची, असा तो न्याय होता.

पहिली शिफ्ट सुटली की कँटीनमध्ये वर्ग, आणि शिकवणार मी. हिला जपानी येतं म्हणजे इंग्रजी येतच असणार, असं एचआरच्या समर्थ सरांनी परस्पर ठरवलं. समर्थ सर वाकडला राहतात, उंच इमारतीत, आणि मराठी बोलताना त्यांचं क्रियापद तेवढं मराठी असतं. वर्ग कशासाठी आहे ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. आठ तास उभं राहून आलेली माणसं बाकावर टेकली की पेंगायची. कोणी उठवायचं नाही. शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा, प्रत्येकाला सर्टिफिकेट द्यायचं, आणि ऑडिटच्या वेळी ती फाइल पुढे करायची.

जागे राहायचे ते दोघंच. एक भिमाजीतात्या आणि दुसरा सुजित.

भिमाजीतात्या पन्नाशी ओलांडलेले. कंपनी उभी आहे ती जमीन त्यांच्या भावकीची. पेंट शॉप आहे तिथे आमची ज्वारी होती, असं ते सांगायचे. तक्रार म्हणून नव्हे, पत्ता सांगावा तसं. जमिनीच्या बदल्यात नोकरी मिळाली, आलेल्या पैशांतून गावात खोल्या बांधल्या, आणि त्यातल्या एका खोलीत भाड्याने राहायला सुजित आला. बीड जिल्ह्यातला, पाटोद्याकडचा, आयटीआय झालेला, कंत्राटावर लागलेला. वडील लहानपणीच गेले होते, गावाकडे एकटी आई. तात्यांच्या घरी मूलबाळ नाही. त्यांच्या बायकोने, केसरबाईंनी, पहिल्या महिन्यात त्याला वाटीभर कालवण दिलं, दुसऱ्या महिन्यात तो त्यांच्याच स्वयंपाकघरात जेवायला बसू लागला, आणि भाडं मागायचं तात्या हळूहळू विसरूनच गेले.

सुजितला भाषांचं वेड होतं. वेडच म्हणायचं, कारण त्यातून त्याला काही मिळत नव्हतं. कोणी नवा माणूस भेटला की याचा पहिला प्रश्न, तुमच्यात ‘दमलो’ कसं म्हणतात? ओडिशाच्या पोराकडून त्याने ‘थकिगली’ घेतलं, बिहारच्या वेल्डरकडून ‘थाक गइनी’ घेतलं, माझ्याकडून ‘त्सुकारेता’. ते ऐकून तर तो हरखूनच गेला. जपानीतही ‘दमलो’ला एकच शब्द, मी नाही, तू नाही, नुसतं दमलो, आणि वाक्य पूर्ण. इंग्रजीत मात्र आधी ‘मी’ म्हणावं लागतं, मग ‘आहे’ म्हणावं लागतं, तेव्हा कुठे दमता येतं. “मॅडम, इंग्रज कवा दमतच नसतील,” असं तो म्हणाला होता. मला तो फार आवडायचा. हे सांगायला आता लाजण्यासारखं काही उरलेलं नाही.

तात्यांना इंग्रजी शिकवायचं त्याने मनावर घेतलं होतं. मी वर्गात जे शिकवायचे ते संध्याकाळी तो ओट्यावर बसून त्यांच्याकडून घोकून घ्यायचा. तात्या ‘व्हय, न्हाई, आमी, हाय’वाले. त्यांचं ‘आहे’ सगळं ‘हाय’. चहा हाय, पाऊस हाय, साहेब हायती. एका दुपारी मी वर्गात सहज सांगितलं की जपानीत ‘हो’ला ‘हाय’ म्हणतात. सुजित मागून म्हणाला, “मॅडम, म्हंजे आपले तात्या जन्मल्यापासून जपानीच बोलायलेत की.”

पेंगणारे जागे होऊन हसले. मोरिता-सान शेजारच्या टेबलावर चहा पीत बसले होते. ते आमचे रोबोट लाइनचे जपानी इंजिनिअर, मितभाषी, पण माणूस लाख. त्यांनी विचारलं, काय झालं? मी समजावून सांगितलं की तुमच्या ‘हाय’चा अर्थ ‘हो, ठीक’, आणि या तात्यांच्या गावी ‘हाय’ म्हणजे ‘आहे’. मोरिता-सान उठले, तात्यांपुढे कमरेत वाकले आणि म्हणाले, “हाय.” तात्यांनीही खुर्ची मागे सारून तसंच वाकून उत्तर दिलं, “हाय.” माझ्याही डोळ्यांत हसून पाणी आलं होतं.

तेव्हापासून त्या दोघांची ती खूणच झाली. जिन्यात भेटले तरी हाय, गेटवर भेटले तरी हाय. भिंतीवर मोठ्या अक्षरात पाटी होती की मशीन चालू करण्यापूर्वी दारावरच्या माणसाने इंग्रजीतच ‘क्लिअर’, म्हणजे आत कोणी नाही, किंवा ‘नॉट क्लिअर’ म्हणायचं. पण मोरिता-सान पॅनलवरून “ओके?” असं विचारायचे आणि तात्या दारावरून “हाय” म्हणायचे. काम सुरळीत चालत होतं, म्हणून कोणी हटकलं नाही.

ते काम काय ते सांगायला हवं. वेल्डिंगचा रोबोट जाळीच्या आत असतो, पोरं त्याला पिंजरा म्हणतात. पिंजऱ्याच्या दाराला स्विच असतो. दार उघडं असलं की रोबोट हलत नाही. पण नवीन भाग बसवून सेटिंग करायचं असलं की तो स्विच चावी फिरवून बाजूला ठेवतात, कारण दार सारखं उघडावं लागतं. तेवढा वेळ सगळी भिस्त दारावरच्या माणसाच्या शब्दावर. पॅनलजवळच्या माणसाला आतलं काही दिसत नाही. दारावरचा माणूस सांगेल तेच खरं.

त्या दिवशी दारावर तात्या होते आणि पॅनलवर मोरिता-सान. मी तिथे नव्हते, वरच्या मजल्यावर मीटिंगमध्ये होते. जे सांगते आहे ते मला नंतर दोघांनी वेगवेगळं सांगितलं, आणि दोघांचं सांगणं शब्दाला शब्द जुळत होतं. भांडण त्याबद्दल नव्हतंच. क्लँपचा बोल्ट आत पडला आणि सुजित तो काढायला वाकून आत गेला. मोरिता-सानना ते दिसलं नाही. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, “ओके?” शेजारचं प्रेस मशीन धडधडत होतं, त्यात निम्मे शब्द बुडायचे. तात्या घाबरले. घाबरलेल्या माणसाच्या तोंडात इंग्रजी येत नाही आणि जपानीही येत नाही, आईची भाषा येते. ते ओरडले, “हाय, हाय, पोरगं हाय आत.”

मोरिता-सानना ऐकू आलं, हाय, हाय. त्यांनी बटण दाबलं.

सुजितला पिंपरीच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. उपचारांसाठी नेण्यात आता अर्थ नाही, हे नेणाऱ्यांनाही दिसत होतं. तात्या ॲम्ब्युलन्समध्ये चढायला गेले तर त्यांना खाली उतरवलं. मग ते पार्किंगमध्ये जमिनीवर बसले आणि शिफ्ट सुटेपर्यंत तिथून हलले नाहीत.

कंपनीने आपली चौकशी लावली. समर्थ सर मध्ये, एका बाजूला मोरिता-सान, एका बाजूला तात्या, आणि मी कुठे बसायचं ते कोणालाच न सुचल्यामुळे मी उभी. मोरिता-सान खाली बघून बोलले. मी जसंच्या तसं मराठीत सांगितलं. “दोन्ही हाय मला माहीत होते. मी त्यातला माझा ऐकला. जबाबदारी माझी आहे.”

समर्थ सरांनी पेन थांबवलं. “योगिनी, ‘ध’चा ‘मा’ करू नका. त्यांना तसं नसेल म्हणायचं. जपानी लोक फॉर्मॅलिटी म्हणून सॉरी म्हणतात, तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना?”

शिकवलं होतं मीच. पण हे ते सॉरी नव्हतं, आणि ते कळायला दुभाषी लागत नव्हता, समोरच्या माणसाकडे एकदा बघितलं तरी पुरे होतं. मी म्हटलं, “सर, त्यांना तसंच म्हणायचंय.” सरांनी त्यांच्या अहवालात लिहिलं की श्री. मोरिता यांनी तीव्र दुःख व्यक्त केलं. त्या आठवड्यातच मोरिता-सानना मायदेशी रजेवर पाठवलं. विमानतळाकडे निघताना ते तात्यांच्या घराचा पत्ता मला विचारत होते. गाडी तिकडे वळवायची नाही, अशी ड्रायव्हरला आधीच ताकीद होती.

पण ते पुढचं. त्या खोलीत मोरिता-सानचं लिहून झाल्यावर सर तात्यांकडे वळले. “तुम्ही हाय म्हणालात. कुठल्या भाषेतला हाय?”

तात्यांना प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले, “हाय म्हंजी हाय. पोरगं आत हाय, म्हनलो मी.”

“मराठीत ‘आहे’ असतं. ‘हाय’ असा शब्द नाही.”

तेव्हा माझी सटकली. मी म्हटलं, “सर, तुमची कंपनी ज्या गावात आहे तिथे असतो.” मला खोलीबाहेर जायला सांगण्यात आलं. आजवर मी लोकांचं बोलणं पोचवायचा पगार घेतला, स्वतःचं बोलल्याबद्दल पहिल्यांदाच मला बाहेर काढलं.

थोड्या वेळाने बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन समर्थ सरांनीच मला प्रकरण उलगडून सांगितलं, शांतपणे, मी समजूतदार आहे असं धरून. सरकारी अधिकारी चौकशीला येणार होते. त्यांच्यासमोर सगळा खटला एका प्रश्नावर येणार होता. भिमाजीला इंग्रजी येतं की नाही? येत असेल, तर नियम माहीत असून, भाषा येत असून त्याने ‘नॉट क्लिअर’ म्हटलं नाही. मग निष्काळजीपणा त्याचा, नोकरी गेली, पोलीस केसही त्याच्यावर, माणूस मेल्याची. येत नसेल, तर जी भाषा कामगाराला येत नाही तिच्यात जिवाचा नियम कंपनीने केला, आणि वर खोटं सर्टिफिकेट दिलं. मग कंपनी अडकली. “आपल्याकडे सर्टिफिकेट आहे,” सर म्हणाले. “सही तुमची आहे.”

सही माझीच होती. सगळ्यांच्या सर्टिफिकेटवर होती, पेंगणाऱ्यांच्यासुद्धा.

चौकशीच्या आदल्या दिवशी मी तात्यांच्या घरी गेले. दुपार होती. तात्यांना कामावरून दूर ठेवलं होतं आणि ते ओट्यावर नुसते बसून होते. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. सुजितच्या खोलीचं दार उघडं होतं. त्याची आई, मंजुळाबाई, चौकशीसाठी गावाहून आली होती आणि मुलाच्याच खोलीत उतरली होती. केसरबाई तिला ताट नेऊन द्यायच्या. ती जेवायची, केसरबाईंशी दोन शब्द बोलायची. तात्यांशी बोलत नव्हती. दारावर कोण उभं होतं ते तिला कोणीतरी सांगितलेलं होतं.

“माज्याशी बोलत न्हाई,” तात्या हळू आवाजात म्हणाले. “बोलावं तरी काय म्हून?”

मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं फोडून सांगितलं. उद्या साहेब एकच गोष्ट विचारतील. तुम्ही एवढंच सांगायचं, मला इंग्रजी येत नाही. बाकीचं मी बघते. तो वर्ग म्हणजे नुसता देखावा होता, सर्टिफिकेट फोटोसाठी होतं, हे मी माझ्या तोंडाने सांगणार आहे. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. जपानी येणाऱ्या बाईला या पट्ट्यात काम मिळतं. तुम्हाला जेलमध्ये टाकलं तर केसरकाकूंना कोण बघणार?

भिंतीवर ते सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं होतं, लग्नाच्या फोटोशेजारी. तात्या त्याच्याकडे बघत म्हणाले, “पन थोडं येतं की मला, मॅडम.”

“तात्या, थोडं येतं ते न येण्यातच जमा. तुम्हाला त्या वेळी आठवलं का इंग्रजी?”

“न्हाई.”

“मग? खोटं नाही बोलायचंय तुम्हाला. येत नाही, म्हणायचं आणि खाली बसायचं.”

केसरबाई दारातून म्हणाल्या, “म्हना की वो तेवढं. मॅडम एवढ्या सांगत्यात.” तात्यांनी वरखाली लागलेलं एक बटण सोडून पुन्हा लावलं. मग म्हणाले, “बरं.” मी उठले. तात्या एकदा ‘बरं’ म्हणाले की ते फिरत नाहीत, एवढं मला माहीत होतं. निघताना शेजारच्या दाराकडे बघायचं मी टाळलं.

चौकशी कंपनीच्याच मोठ्या खोलीत झाली, काचेचं टेबल आणि थंडगार एसी. अधिकारी साधे गृहस्थ होते, घाईत नव्हते, कंटाळलेलेही नव्हते. त्यांनी मंजुळाबाईंना स्वतः खुर्ची ओढून दिली. ती माझ्याशेजारी बसली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, टेबलाला हात लागू नये म्हणून हात मांडीत. समोर समर्थ सर, फाइल घेऊन. तात्या टोकाला, दाढी करून, स्वच्छ कपडे घालून आले होते.

समर्थ सरांनी सर्टिफिकेट पुढे केलं. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, ही सही तुमची का? मी म्हटलं, “हो, माझी. पण वर्ग खोटा होता. माणसं झोपलेली असायची. कोणालाही काहीही न येता हे कागद वाटले आहेत. भिमाजीतात्यांनाही इंग्रजी येत नाही. जो नियम त्यांच्या भाषेत सांगितलाच नाही तो मोडल्याचा दोष त्यांच्यावर टाकता येणार नाही.”

समर्थ सर माझ्याकडे असे बघत होते की मला माझ्या टेबलाचा खण कधी रिकामा करावा लागेल ते कळलं. पण अधिकारी लिहून घेत होते. दोन वेळा मान हलवली त्यांनी. मला वाटलं, जमलं. त्या अख्ख्या महिन्यात पहिल्यांदा मला बरं वाटलं.

“मंग माझा सुजित फोनवर सांगायचा ते काय व्हतं?”

मंजुळाबाई बोलली होती. आवाज चढवून नाही. ती अधिकाऱ्यांकडे बघत होती.

“रोज सांगायचा मला. आई, मी तात्याला इंग्रजी शिकवायलोय. आई, तात्या आता फाडफाड बोलायलेत. साऱ्या गावाला सांगितलं मी, माझा लेक मोठ्या मानसाला इंग्रजी शिकवतोय म्हनून. ह्या बाई म्हनत्यात, त्याला येतच न्हाई. मंग काय लबाड बोलत व्हता का माझा लेक?”

मला तिच्याकडे बघवेना. अधिकारी म्हणाले, “मावशी, तसं नाही. तो प्रश्न वेगळा आहे.” पण तिच्यासाठी तेवढाच प्रश्न होता. ती तशीच बघत राहिली. शेवटी ते तात्यांकडे वळले. “तुम्हीच सांगा. तुम्हाला इंग्रजी येतं का?”

तात्या उठून उभे राहिले. मी मनात म्हणत होते, न्हाई म्हणा, न्हाई म्हणा आणि बसा. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते मंजुळाबाईंकडे बघत होते.

“येतं, साहेब.”

“तात्या,” मी म्हटलं. अधिकाऱ्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“सुजितनं शिकवलं,” तात्या म्हणाले. “रोज ओट्यावर बसून शिकवलं. लई जीव लावून शिकवलं त्यानं. पोरगं लबाड नव्हतं.”

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. माणूस भला होता, त्याने आणखी एक संधी दिली. “भिमाजीराव, नीट विचार करून बोला. येतं म्हणालात तर त्याचा अर्थ काय होतो, ते तुम्हाला कोणी सांगितलंय का?”

“व्हय. मॅडमनी समदं सांगितलंय.”

“थोडंफार येतं, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

“न्हाई. चांगलं येतं. पुरं वाक्य बोलायचं, असं सुजित सांगायचा. तुकडं तोडायचं न्हाई.”

समर्थ सर खुर्चीत सरळ झाले. त्यांना काहीच करावं लागलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी सुस्कारा टाकला आणि पुन्हा पेन उचललं. “मग आत माणूस आहे, हे इंग्रजीत कसं सांगाल?”

तात्यांनी हात दोन्ही बाजूंना सरळ धरले. क्षणभर ओठ नुसते हलले. मग ते सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलले. “देअर इज अ मॅन इनसाइड. प्लीज डू नॉट स्टार्ट द मशीन.”

एकही चूक नव्हती. मी वर्गात एवढं लांब वाक्य कोणाकडून कधी म्हणून घेतलं नव्हतं. हे माझ्या वर्गातलं नव्हतंच, ते ओट्यावरचं होतं. अधिकाऱ्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

मंजुळाबाईने माझ्या दंडाला हात लावला. “काय म्हनले ते?”

सांगणं माझं कामच होतं. “मावशी, ते म्हणाले, आत माणूस आहे. कृपा करून मशीन चालू करू नका.”

तिने ते मनाशी नीट लावून घेतलं. चेहऱ्यावर राग नव्हता. समाधान होतं थोडं, पोरगं खोटं बोललं नव्हतं याचं. मग तिने मान वर केली आणि गावाहून आल्यापासून पहिल्यांदाच ती तात्यांशी बोलली.

“हेच तवा म्हनायचं व्हतं.”

“व्हय, बाई,” तात्या म्हणाले.